समुद्राला कुंपण घालता येते का?

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजची सहल मालवणला गेली होती. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत बसल्यावर मी मुलांना म्हटले, "आता आपण एका अभयारण्यातून चाललो आहोत." मुले इकडेतिकडे पाहू लागली. चहूकडे पाणीच पाणी! झाड नाही, वाघ नाही, तारेचे कुंपण नाही. शेवटी एकाने विचारलेच, "सर, समुद्राला कुंपण कसं घालणार? आणि मासा काय पाटी वाचून आत थांबणार आहे?"

सगळे हसले. मीही हसलो; पण प्रश्न मोठा मोलाचा होता. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा प्रदेश १९८७ साली 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून घोषित झाला आहे, आणि त्यातील सुमारे ३ चौरस किलोमीटरचा भाग हा त्याचा गाभा मानलेला आहे. या पाण्याखाली प्रवाळ आहेत. त्यांना राखायचे म्हणजे नेमके काय करायचे? कोणापासून राखायचे? आणि राखून ते खरोखर राहतात का? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला मालवणहून निघून फिलिपीन्स, जमैका आणि ऑस्ट्रेलिया असा बराच मोठा जलप्रवास करावा लागेल.

दगड, वनस्पती की प्राणी?

प्रवाळ म्हणजे आपल्या दागिन्यांतल्या पोवळ्याचे भाऊबंद. पाहताना ते दगडासारखे किंवा एखाद्या झुडपासारखे वाटतात, पण ते प्राणी आहेत. पॉलिप नावाचे हे जीव बहुधा काही मिलिमीटर आकाराचे असतात. तोंडाभोवती स्पर्शकांची झालर असलेली एक छोटी पिशवी, एवढेच त्यांचे शरीर. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन हा जीव आपल्या बुडाशी चुनखडीची बैठक तयार करतो. असे लक्षावधी पॉलिप पिढ्यान् पिढ्या एकावर एक घरे बांधत राहिले, की प्रवाळभित्ती तयार होते.

हे बांधकाम किती सावकाश चालते, ते पाहा. फांद्यांसारखे वाढणारे काही प्रवाळ वर्षाला १० सेंटिमीटर वाढतात; पण गोल घुमटासारखे भरीव प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटिमीटरच वाढतात. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्याच दिवशी अशा एका प्रवाळाने आपले घर बांधायला घेतले असते, तर आज त्याची उंची फार तर साडेतीन मीटर झाली असती! होडीचा एक नांगर त्यावर पडला, तर ही कमाई एका क्षणात मातीमोल होते.

मात्र सवड मिळाली तर हेच चिमुकले जीव डोंगर रचतात. पॅसिफिक महासागरातील एनेवेटाक या कंकणद्वीपावर १९५२ साली खोल छिद्रे घेण्यात आली. १,२०० मीटरांहून अधिक खोल गेल्यावर कोठे ज्वालामुखीचा खडक लागला; वरची सारी जाडी प्रवाळांच्या चुनखडीची होती. ज्वालामुखीची बेटे हळूहळू खचत जातात आणि त्यांच्याभोवतीचे प्रवाळ वर वर वाढत राहतात, हा चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडलेला सिद्धांत या छिद्रांनी खरा ठरवला.

समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर प्रवाळभित्ती आहेत. तरीही समुद्रातील सुमारे एक-चतुर्थांश जातींचे जीवन आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांच्यावर अवलंबून असते. शिवाय लाटांचा जोर मोडून या भित्ती किनाऱ्याचे रक्षण करतात, ते वेगळेच.

प्रकाशाचे गणित

हा एवढा कारखाना चालवायला ऊर्जा कोठून येते? पॉलिपच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करून साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतात. प्रवाळाच्या गरजेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूंकडून मिळू शकते. प्रवाळांचे सुंदर रंगही बरेचसे त्यांच्यामुळेच दिसतात.

याचा अर्थ असा, की प्रवाळाला प्रकाश हवा. आणि येथे पदार्थविज्ञानाचा एक नियम आड येतो. पाण्याच्या प्रत्येक सारख्या थरात प्रकाशाचा सारखाच हिस्सा शोषला जातो. समजा, एखाद्या ठिकाणचे पाणी इतके स्वच्छ आहे, की दर १० मीटर खोलीला प्रकाश निम्मा होतो. मग ३० मीटर खोलीवर तो आठवा हिस्सा उरेल. आता समजा, दुसऱ्या ठिकाणी गाळामुळे प्रकाश दर २ मीटरला निम्मा होतो. तेथे अवघ्या १० मीटर खोलीवर बत्तिसावा हिस्साच उरेल. म्हणजे नदीतून आलेला गाळ प्रवाळाला हातही न लावता उपाशी मारू शकतो!

आपल्या देशातील प्रमुख प्रवाळप्रदेश लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात येथे आहेत. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्यांचे गढूळ पाणी येते, त्यामुळे तेथे प्रवाळांना फारसा वाव नाही. पण किनाऱ्यापासून दूर जा. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर 'आंग्रिया बँक' नावाचे एक बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पठाराचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. तेथे गाळ पोहोचत नाही, पाणी नितळ असते, आणि म्हणून तेथे प्रवाळांची वस्ती आहे.

राखायचे कशापासून?

पहिला शत्रू अगदी सरळ आहे, तो म्हणजे कुदळ. मन्नारच्या आखातात तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ २१ बेटे होती. चुन्यासाठी आणि बांधकामासाठी तेथील प्रवाळ वर्षानुवर्षे खणून काढले गेले. लाटा अडवणारी भिंतच गेल्यावर बेटांची धूप झाली, आणि त्यांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली. हा प्रदेश १९८६ साली सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. कच्छच्या आखातातील उद्यान त्याहीपूर्वीचे, १९८२ सालचे आहे. आज आपल्या देशात दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे.

दुसरा शत्रू ओळखायला अवघड आहे. त्यासाठी जमैकाला जाऊ. तेथील प्रवाळभित्तींवर अतोनात मासेमारी झाली, तरी प्रवाळ कित्येक वर्षे ठीक दिसत होते. वास्तविक काय घडत होते? शेवाळ खाणारे मासे जवळजवळ संपले होते. पण शेवाळ खाणारा काळ्या काट्यांचा एक समुद्री साळ नावाचा जीव विपुल होता. सगळी साफसफाई तो एकटा करीत होता. १९८० साली मोठे चक्रीवादळ आले आणि प्रवाळांची मोडतोड झाली. १९८३ साली रोगाची साथ आली आणि हे समुद्री साळ जवळजवळ नाहीसे झाले. मग शेवाळाला आवरणार कोण? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. १९९३ पर्यंत तो पाच टक्क्यांच्याही खाली आला. शेवाळाचा वाटा ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेला.

यातून व्यवस्थापनाचा एक मोठा धडा मिळतो. दोन माणसांचे काम एकजण करीत आहे तोवर काही बिघडलेले दिसत नाही. तो आजारी पडला, की कारखाना बंद! म्हणून नुसते प्रवाळ राखून भागत नाही. त्यांच्याभोवतीचे मासे राखावे लागतात.

सुमिलॉनची देवराई

सह्याद्रीतील गावांच्या देवराया तुम्हांला ठाऊक असतील. गावाने एक राई देवाची म्हणून सोडून द्यायची. तेथली काटकीही मोडायची नाही. समुद्रातही अशी देवराई करता येते. तिची परीक्षा कशी झाली, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम जाणून घ्यावे.

फिलिपीन्समध्ये सुमिलॉन नावाचे एक छोटे बेट आहे. १९७४ साली सिलिमन विद्यापीठातील शास्त्रज्ञ आंजेल आल्काला आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने या बेटाभोवतालच्या प्रवाळभित्तीचा सुमारे एक-चतुर्थांश भाग मासेमारीला पूर्णपणे बंद करण्यात आला. उरलेल्या तीन-चतुर्थांश भागात स्थानिक कोळी नेहमीप्रमाणे मासे पकडत. दहा वर्षे असे चालले. १९८४ साली राजकीय कारणांनी हे संरक्षण मोडले आणि सगळी भित्ती मासेमारीला खुली झाली.

आता अंदाज करा. पूर्वी पाऊण भागात मासेमारी होती, आता पूर्ण भागात. मग मासळी वाढायला हवी, नाही का? प्रत्यक्षात पुढच्या दोन वर्षांत एकूण मासळी निम्म्याहून कमी झाली. घट सुमारे ५४ टक्के होती!

हे कोडे उलगडले, की माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. मासे पाटी वाचत नाहीत, हे खरे. बंद भागात ते वाढतात, गर्दी होते, आणि त्यांतले काही सीमेबाहेर जातात. ते बाहेर जावेत हीच तर इच्छा असते! कुंपण माशांना आत कोंडण्यासाठी नसते, माणसाला बाहेर ठेवण्यासाठी असते. बंद भाग म्हणजे बँकेतले मुद्दल. सीमेबाहेर येणारे मासे म्हणजे व्याज. सुमिलॉनमध्ये लोकांनी मुद्दलच खाल्ले.

व्याज दुसऱ्याही वाटेने येते. माशांची अंडी आणि पिले प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात, आणि येथे वयस्क माशांचे महत्त्व कळते. ज्याच्या यकृताचे तेल आपण औषध म्हणून घेतो, त्या कॉड माशाचे उदाहरण घ्या. २ किलो वजनाच्या २८ माद्या मिळून जेवढी अंडी घालतात, त्याहून जास्त अंडी ३० किलोची एकटी मादी घालते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. २८ माद्यांचे वजन ५६ किलो, आणि ती एकटी ३० किलोची! शेतकरी उत्तम कणीस बियाण्यासाठी राखून ठेवतो. समुद्रात मात्र आपण आधी मोठे मासे उचलतो.

आपल्या कोळी बांधवांना ही कल्पना नवी नाही. पावसाळ्यात, म्हणजे अनेक माशांच्या विणीच्या काळात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मग दर्यावर जायचे, ही जुनी रीत आहे. ही काळाची बंदी झाली. सागरी अभयारण्य ही जागेची बंदी आहे.

परंतु काळाची बंदी सर्वांना सारखी असते, जागेची तशी नसते. ज्याच्या घरासमोरचे पाणी बंद होते, त्याचे पोट आधी मारले जाते. व्याज मागाहून येते आणि सर्वांत वाटले जाते. मालवणला अभयारण्य जाहीर झाल्यावर मच्छीमारांनी विरोध केला, तो अज्ञानातून नव्हे. सुमिलॉनजवळच्याच आपो बेटावर वेगळी वाट धरली गेली. १९८२ साली तेथील लोकांनी शास्त्रज्ञांशी बोलून, स्वतः जागा निवडून, भित्तीचा एक लहानसा भाग बंद केला, आणि त्यावर पहाराही स्वतःच ठेवला. पाणबुडे पर्यटक येऊ लागले, तेव्हा त्यांच्याकडून मिळणारे शुल्क गावाच्या कामी येऊ लागले. जेथे राखणदार गावचेच असतात, तेथे न दिसणारे कुंपणही टिकते.

नकाशावरचे रंग

छोट्या बेटाचे ठीक आहे; पण २,३०० किलोमीटर लांबीची प्रवाळभित्ती कशी राखणार? ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या 'ग्रेट बॅरिअर रीफ'ची ही लांबी आहे. येथे सुमारे २,९०० वेगवेगळ्या भित्ती आहेत. १९६७ साली येथील एका भित्तीवरून शेतीसाठी चुनखडी काढण्याची परवानगी मागण्यात आली. 'ही भित्ती मेलेली आहे' असे कारण दिले होते. निसर्गप्रेमींनी स्वतः पाण्यात उतरून तेथील प्रवाळांची आणि माशांची पाहणी केली, ती जिवंत असल्याचे दाखवून दिले, आणि परवानगी नाकारली गेली. पुढे १९७५ साली खास कायदा होऊन सागरी उद्यान स्थापन झाले. आज त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,४४,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राहूनही मोठे!

एवढा प्रदेश सरसकट बंद करणे शक्य नाही आणि योग्यही नाही. म्हणून त्याचे विभाग पाडले आहेत आणि नकाशावर प्रत्येकाला रंग दिला आहे. फिकट निळ्या विभागात बहुतेक व्यवहार चालतात. गडद निळ्या विभागात तळ खरवडणारी जाळी ओढता येत नाहीत. पिवळ्या विभागात मर्यादित मासेमारी. हिरव्या विभागात जा, पोहा, पाहा. पण काही पकडू नका. गुलाबी विभागात परवान्याशिवाय शिरायचेच नाही.

पूर्वी पाच टक्क्यांहून कमी भागातच मासेमारी बंद होती. शास्त्रज्ञांनी सगळ्या प्रदेशाचे ७० प्रकारच्या अधिवासांत वर्गीकरण केले आणि प्रत्येक प्रकाराचा निदान पाचवा हिस्सा राखला जावा असे ठरवले. नुसत्या सुंदर जागा निवडायच्या नाहीत, तर प्रत्येक प्रकारचा नमुना राखायचा, हे त्यामागचे सूत्र. १ जुलै २००४ पासून नवी आखणी लागू झाली आणि बंद भाग सुमारे ३३ टक्के झाला.

रोजच्या व्यवस्थापनात साध्यासाध्या युक्त्याही असतात. जेथे होड्या वारंवार थांबतात, तेथे तळाशी एकदाच पक्की दोरबांधणी करून तिला तरंगता गोळा जोडून ठेवतात. होडीने त्यालाच दोर बांधायचा, नांगर टाकायचा नाही. प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांची संख्या बेसुमार वाढली, की पाणबुडे एकेकाला सुई टोचून मारतात. आणि शेतांतली खते व माती नदीवाटे समुद्रात येऊ नयेत म्हणून जमिनीवर, शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते. समुद्र राखायचा तर कामाला सुरुवात डोंगरउतारावर होते.

कुंपण न मानणारा शत्रू

एवढे सारे केले, आणि २०१६ साली ग्रेट बॅरिअर रीफवरील उथळ पाण्यातल्या प्रवाळांपैकी जवळजवळ तीस टक्के एका वर्षात मरून गेले. सर्वांत मोठा फटका बसला तो माणसांपासून दूर असलेल्या, उत्तम राखलेल्या उत्तर भागाला. शत्रू होता उष्णता.

पाणी फार तापले, की शैवलांच्या प्रकाशसंश्लेषणात बिघाड होऊन प्रवाळाला घातक असे ऑक्सिजनचे क्रियाशील प्रकार तयार होतात. प्रवाळ मग भाडेकरूंना बाहेर काढतो. पॉलिपचे शरीर पारदर्शक असल्यामुळे खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शैवले परत येतात. नाही निवले तर तो मरतो.

हा ताण मोजण्याची एक सोपी रीत आहे. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमान घ्यायचे. त्याहून १ अंश किंवा जास्त तापमान असलेल्या प्रत्येक आठवड्याचे जादा अंश मोजायचे, आणि गेल्या बारा आठवड्यांची बेरीज करायची. समजा, हे सरासरी तापमान २९° सें. आहे. तीन आठवडे पाणी ३०° राहिले : ३ × १ = ३. दोन आठवडे ३०.५° राहिले : २ × १.५ = ३. एक आठवडा ३१° : २. बेरीज ८. ही बेरीज ४ झाली, की मोठे विरंजन अपेक्षित असते. ८ झाली, की प्रवाळ मरू लागतात. ही मोजणी उपग्रहांच्या साहाय्याने जगभर चालते. आपल्याला एका अंशाचा फरक जाणवणारही नाही. प्रवाळाला तो जीवनमरणाचा असतो.

वातावरणातील कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीवर अडकून राहिलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने शोषली आहे. ग्रेट बॅरिअर रीफवर १९९८ आणि २००२ साली मोठी विरंजने झाली. मग २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४. जलद वाढणाऱ्या प्रवाळांनाही पुन्हा उभे राहायला साधारण दहा वर्षे लागतात. नऊ वर्षांत पाच वेळा तडाखा बसला, तर सावरायचे केव्हा?

मग कुंपण कशाला?

तुम्ही म्हणाल, उष्णता थांबवता येत नसेल, तर हा खटाटोप कशासाठी? जमैका आठवा. वादळाने प्रवाळ मोडले, ते सावरले असते. पण सफाई करणारे कोणी उरले नव्हते. नवीन प्रवाळाचे पिलू स्वच्छ दगडावरच घर करते, शेवाळाच्या गादीवर नाही. ताप कोणालाही येतो. धडधाकट मूल त्यातून लवकर उठते, कुपोषित मूल उठत नाही. व्यवस्थापन ताप रोखू शकत नाही, प्रकृती मात्र राखू शकते.

पण रोजच ताप आला, तर धडधाकट मूलही खचेल. जागतिक तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली, तरी प्रवाळभित्तींपैकी ७० ते ९० टक्के नष्ट होतील. २ अंशांवर गेली, तर ९९ टक्क्यांहून अधिक, असा इशारा आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या मंडळाने २०१८ सालच्या अहवालात दिला आहे. १.५ आणि २ यांत फरक फक्त अर्ध्या अंशाचा. पण दहा टक्के उरणे आणि काहीच न उरणे यांत, बियाण्याचे पोते शिल्लक असणे आणि नसणे एवढा फरक आहे. ते बियाणे कोठे उरेल? जेथे आज आपण ते राखले असेल तेथे.

म्हणून समुद्राला दोन कुंपणे हवीत. एक माणसाच्या जाळ्याला आणि नांगराला. ते मालवणचे, आपोचे, ऑस्ट्रेलियाचे लोक आपापल्या जागी घालू शकतात. दुसरे धुराड्याला, ते आपण सर्वांनी मिळूनच घालायचे आहे. पुन्हा कधी त्या विद्यार्थ्याची गाठ पडली, तर मी त्याला हेच उत्तर देईन.

करून पाहा

१. काचेच्या उंच ग्लासात पाणी घ्या. ग्लास छापील कागदावर ठेवून वरून अक्षरे वाचा. आता ड्रॉपरने दुधाचा एकेक थेंब टाकून ढवळा. किती थेंबांनंतर अक्षरे दिसेनाशी होतात? हाच प्रयोग पाण्याची उंची निम्मी करून पुन्हा करा आणि थेंबांची संख्या पडताळून पाहा.

२. एका प्रवाळभित्तीवरील सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमान २८.५° सें. आहे. लागोपाठच्या सहा आठवड्यांची तापमाने अशी : २९.०, २९.५, २९.८, ३०.०, २९.७, २९.२. ताणाची बेरीज किती? विरंजन होईल का? (सूचना : १ अंशाहून कमी वाढ मोजायची नाही. उत्तर : ५, मोठे विरंजन अपेक्षित आहे.)